बॅटनबर्गचे माउंटबॅटन

लॉर्ड माउंटबॅटन हे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालासुद्धा ठाऊक असतं. मार्च १९४७ मध्ये ते हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून दिल्लीत आले, ऑगस्टमध्ये सत्तांतर झालं, आणि पुढे जून १९४८ पर्यंत ते स्वतंत्र भारताचे गव्हर्नर-जनरल होते. कानाला किती इंग्रजी वाटतं हे नाव! पण मौज अशी की, हे गृहस्थ १९०० साली जन्मले तेव्हा त्यांचं आडनाव माउंटबॅटन नव्हतंच. ते होते बॅटनबर्ग. माउंटबॅटन हे आडनाव तयार झालं ते १९१७ साली, आणि तेही मोठ्या नाइलाजानं. एका अस्सल जर्मन आडनावाचं इंग्रजी आडनाव कसं झालं, आणि त्यासाठी एका घराण्याला काय किंमत मोजावी लागली, ते आज पाहू.

प्रथम नावाचा अर्थ. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावला की आडनाव तयार होतं. जर्मनीतही गावावरून पडलेली आडनावं पुष्कळ आहेत. सरदार-उमराव असेल तर तो गावाच्या नावाआधी ‘फॉन’ लावतो. ‘फॉन’ म्हणजे अमक्या ठिकाणचा. बॅटनबर्ग हे हेसे प्रांतातलं, एडर नदीकाठचं एक लहानसं गाव. जर्मन माणूस त्याचा उच्चार ‘बाटेनबेर्ग’ असा करतो. यातला ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर. हा डोंगर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

मध्ययुगात या गावाचे सरदार होते, पण चौदाव्या शतकात त्यांचा वंश खुंटला आणि नाव नुसतं गावापुरतं उरलं. ते पुन्हा माणसांना लागलं ते १८५१ साली, एका प्रेमविवाहामुळे.

हेसेच्या राजघराण्यातला अलेक्झांडर नावाचा राजपुत्र रशियाच्या दरबारी होता. त्याची बहीण तिथल्या युवराजाला दिलेली. बहिणीच्या तैनातीत यूलिया हाउके नावाची एक मुलगी होती. तिचे वडील पोलंडमध्ये सेनापती होते आणि १८३० च्या वॉर्सातल्या उठावात मारले गेले होते. राजपुत्राचं मन या मुलीवर बसलं आणि सर्वांचा रोष पत्करून त्यानं तिच्याशी लग्न केलं. मुलगी घरंदाज, पण राजकुळातली नव्हे. अशा विषम विवाहाला जर्मन भाषेत ‘डाव्या हाताचं लग्न’ म्हणत. नवरदेवानं वधूचा हात उजव्याऐवजी डाव्या हातानं धरायचा. कायद्यानं लग्न पक्कं, पण बायकोला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादीवर हक्क नाही.

मग या सूनबाईंना म्हणायचं काय? हेसेच्या राजानं, म्हणजे तिच्या दिरानं, तोडगा काढला. बॅटनबर्ग हे रिकामं पडलेलं नाव उचललं आणि तिला ‘बॅटनबर्गची काउंटेस’ केलं. १८५८ साली तिला ‘प्रिन्सेस’ हा किताब मिळाला आणि मुलंही प्रिन्स झाली. म्हणजे हे आडनाव वंशपरंपरेनं आलेलं नव्हतं. मुलांना बापाचं नाव द्यायचं नाही, म्हणून शोधून काढलेलं ते नाव होतं.

पण याच मुलांनी त्या नावाला युरोपभर मान मिळवून दिला. एक मुलगा अलेक्झांडर १८७९ मध्ये बल्गेरियाचा सत्ताधारी प्रिन्स झाला. सात वर्षांनी त्याला गादी सोडावी लागली. दुसरा, हेन्री, व्हिक्टोरिया राणीचा धाकटा जावई झाला. त्याची मुलगी पुढे स्पेनची राणी झाली. आणि सर्वांत थोरला मुलगा लुई. आपल्या गोष्टीचा नायक हाच.

लुई चौदाव्या वर्षी, १८६८ साली, इंग्लंडला गेला, ब्रिटिश प्रजाजन झाला आणि आरमारात भरती झाला. राजघराण्याशी नातं होतं खरं, पण माणूस कर्तबगार होता. चव्वेचाळीस वर्षं नोकरी करून १९१२ मध्ये तो ‘फर्स्ट सी लॉर्ड’, म्हणजे ब्रिटिश आरमाराचा सर्वोच्च दर्यासारंग झाला. जुलै १९१४ च्या अखेरीस आरमाराची कवायत संपून जहाजं पांगणार होती. युरोपवर युद्धाचे ढग जमलेले. मंत्री चर्चिल त्या दिवशी लंडनबाहेर होते. लुईनं स्वतःच्या जबाबदारीवर हुकूम दिला, की जहाजं आहेत तिथंच थांबवा. काही दिवसांतच जर्मनीशी युद्ध सुरू झालं, तेव्हा ब्रिटनचं आरमार सज्ज होतं ते या हुकमामुळे.

आणि याच माणसाकडे लोक संशयानं पाहू लागले! सप्टेंबरमध्ये जर्मन पाणबुडीनं एकाच सकाळी तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या आणि सुमारे चौदाशे लोक मेले. वर्तमानपत्रांतून कुजबूज सुरू झाली, निनावी पत्रं येऊ लागली : ज्याचं नावच जर्मन, त्याच्या हाती आरमार कसं? त्याच्याविरुद्ध पुरावा काडीचा नव्हता. पुरावा एवढाच, की आडनाव बॅटनबर्ग. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस लुईनं राजीनामा दिला. त्याचा धाकटा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि ऑसबोर्नच्या नाविक शाळेत शिकत होता.

हा काही एका घराचा प्रश्न नव्हता. १९१५ मध्ये लुसिटानिया बोट बुडाल्यावर इंग्लंडात जर्मन नावाच्या साध्यासुध्या पाववाल्यांची आणि खाटकांची दुकानं जमावानं फोडली. कित्येक श्मिटांचे रातोरात स्मिथ झाले. खुद्द राजाच्या घराण्याचं नाव होतं सॅक्स-कोबर्ग-गोथा. जून १९१७ मध्ये लंडनवर बाँब टाकून गेलेल्या विमानांचं नावही गोथाच! आता मात्र राजालाही थांबणं शक्य नव्हतं. जुलै १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जनं आपल्या किल्ल्याचं नाव उचललं आणि घराण्याचं नाव विंडसर ठेवलं. नात्यातल्यांनाही जर्मन नावं नि किताब टाकायला सांगितलं.

बॅटनबर्ग मंडळींनी मग काय केलं? ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर, डोंगराला इंग्रजीत म्हणायचं ‘माउंट’. तो मागचा डोंगर उचलून पुढे आणला, ‘बॅटन’ तसंच ठेवलं, आणि झालं माउंटबॅटन! अर्धं भाषांतर, अर्धं मूळ. लुईचा ‘प्रिन्स’ गेला आणि तो मिलफर्ड हेवनचा मार्क्विस झाला. सतरा वर्षांचा धाकटा मुलगा झाला लॉर्ड लुई माउंटबॅटन. हेच आपले व्हाइसरॉय. बाप १९२१ मध्ये वारला. मुलानं मात्र आरमार सोडलं नाही. दिल्लीहून परतल्यावर तो पुन्हा आरमारात रुजू झाला आणि १९५५ साली फर्स्ट सी लॉर्ड झाला. ज्या खुर्चीवरून बापाला उठावं लागलं, त्याच खुर्चीवर मुलगा एक्केचाळीस वर्षांनी बसला. १९७९ मध्ये आयरिश बंडखोरांच्या बाँबनं त्याचा अंत झाला.

आता हे आडनाव चालतं कुठं? बॅटनबर्ग या नावानं राहिलेला चौथा भाऊ फ्रान्झ योझेफ १९२४ मध्ये निपुत्रिक वारला. जर्मनीत हे आडनाव विरळाच. माउंटबॅटन मात्र राजवाड्यात पोचलं. लुईचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, ग्रीसचा राजपुत्र फिलिप. त्यानं १९४७ मध्ये ब्रिटिश प्रजाजन होताना आजोळचं हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी राजकन्या एलिझाबेथशी लग्न केलं. १९६० मध्ये राणीनं जाहीर केलं, की आपल्या वंशजांपैकी ज्यांना आडनावाची गरज पडेल त्यांनी माउंटबॅटन-विंडसर लावावं. गावाच्या नावाशी किल्ल्याचं नाव जोडलं गेलं!

जुनं बॅटनबर्ग इंग्लंडात अजून एका जागी सुखरूप आहे : मिठाईच्या दुकानात. गुलाबी-पिवळ्या चौकटींचा, बाहेरून बदामाच्या लगद्यानं गुंडाळलेला एक केक तिथं मिळतो. १८८४ मध्ये लुईच्या लग्नानिमित्त तो प्रथम केला, असं सांगतात. त्याचं नाव बॅटनबर्ग केक. दोन महायुद्धं झाली, पण ते नाव कुणी बदललं नाही. केकला कुणी विचारलं नाही, की बाबा, तू कुणाच्या बाजूचा? तो प्रश्न सेहेचाळीस वर्षं इमानानं चाकरी केलेल्या माणसाला मात्र विचारला गेला. आडनावावरून माणसाचं गाव कळतं, फार तर कूळ कळतं. त्याचं इमान कळत नाही. ते त्याच्या कामातच पाहावं लागतं.