तेरचे संग्रहालय आणि माळ्यावरच्या वह्या

यवतमाळ, दारव्हा, वणी या बाजूची जैन कुटुंबे कुंथलगिरीच्या यात्रेस जातात, तेव्हा बहुधा दर्शन, पूजा, भोजन आणि परतीचा प्रवास असाच क्रम असतो. कुलभूषण-देशभूषण मुनींच्या त्या निर्वाणभूमीत १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली; त्यामुळे तेथे मन रमते आणि दिवस कमी पडतो. मात्र त्याच धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावालगत भगवान महावीरांचे प्राचीन मंदिर आहे. वाट वाकडी करणारे भाविक तेथे थांबतात. गावातल्या संग्रहालयाची पायरी चढणारे त्यांतही थोडे.

व्यापारी माणसाने तर हे संग्रहालय आवर्जून पाहावे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ नावाच्या पेठेचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली ही पेठ म्हणजेच आजचे तेर, असे अभ्यासक मानतात. येथून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे जाई. कापसाच्या जिल्ह्यातून आलेल्या पाहुण्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. माल, भाडे, वाटेतले धोके, बंदरावरचा भाव, सारे ओळखीचेच.

दालनांत दिसतात ती त्या पेठेतल्या माणसांची माणसे: पांढऱ्या बारीक मातीच्या साच्यातून काढलेल्या मूर्ती, दागिन्यांनी नटलेल्या स्त्रिया, मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी. हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी पाऊल थांबतेच. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात सापडली. तेरची कारागिरी कुठवर पोचली असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

या साऱ्याच्या मुळाशी एक गावकरी आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. फुटके खापर, झिजलेले नाणे, कुणाला ज्याची किंमत वाटत नव्हती ते त्यांनी सांभाळले. पुढे हा हजारो वस्तूंचा संग्रह शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने संग्रहालय उभे राहिले. खात्याचे अधिकारी आणि उत्खनने यांचे महत्त्व आहेच. पण पहिला हात गावातल्याच माणसाचा होता.

तेरचा एक धागा थेट वऱ्हाडात येतो. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर, तेथील लेणी आणि पार्श्वनाथांची प्रतिमा यांची कथा आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले हे काव्य १९३४ साली कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. हे तेच कारंजा, जेथून यवतमाळची शकुंतला गाडी जात असे. तेथील शास्त्रभांडारांतल्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या वेष्टनात बांधून ठेवल्या गेल्या नसत्या, तर आपल्या अपभ्रंश साहित्याचा मोठा भाग आज हाती नसता.

पोथीला हा मान मिळाला. वहीला मिळाला नाही.

यवतमाळ हा सरहद्दीचा जिल्हा. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. दोन्ही तीरांवरचे गिऱ्हाईक, दोन्हीकडची नाणी आणि कापसाचा भाव यांची नोंद पेढ्यांवरच्या रोजमेळांत आणि खतावण्यांत झाली. सरकारी दप्तरात सारा आणि पीक सापडेल. पण कोणत्या गावचा शेतकरी दुष्काळात किती रुपये घेऊन गेला, कोणाची हुंडी परत आली, कोणाचे येणे शेटजींनी सोडून दिले, हे वहीतच सापडते. (ते सारेच अभिमानाने दाखवावे असे नसते, हेही खरे. व्याजाचा आकडाही तेथे असतोच.) लाल कापडात बांधलेल्या या वह्या वाड्याच्या माळ्यावर पडून असतात. वाडा पाडून फ्लॅट बांधायचे ठरले की रद्दीवाला येतो आणि शंभर वर्षे किलोवर मोजली जातात.

अडचण लिपीचीही आहे. कित्येक वह्या महाजनीत किंवा मोडीत आहेत. महाजनीत काना-मात्रांना फाटा दिलेला, त्यामुळे संदर्भ ठाऊक असल्याशिवाय नावही लागत नाही. ते वाचू शकणारे बहुधा घरातलेच एखादे वृद्ध असतात. दिवाळीला पाटावर नवी वही मांडताना त्यांच्यापुढे एक जुनीही ठेवावी. पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण असेल, खाली विक्रम संवताचा आकडा. कार्तिकात सुरू होणाऱ्या त्या संवतातून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि जानेवारीपासून पुढे ५६ वजा केले की इसवी सन निघतो. ते साल, पेढीचे नाव आणि गाव एका चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवायला पाच मिनिटे पुरतात.