आरेखनातील थर, साचे आणि नावे : इंदापूर-बारामतीच्या नकाशांच्या आधारे एक विवेचन

मुंबई इलाख्यातील रयतवारी भूमापनाची पायाभरणी इंदापूर तालुक्यात झाली, ही गोष्ट महसुलाच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. प्रिंगल यांची आकारणी अपयशी ठरल्यानंतर गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये या तालुक्यात नव्याने मोजणी व प्रतवारी केली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीस नियमांचे रूप दिले. शेताचे चौकोनी भाग पाडावयाचे, प्रत्येक भागात मातीची खोली व वर्ण नोंदवावयाचा आणि चुनखडी, वाळू, उतार अशा दोषांसाठी ठरीव खुणा करावयाच्या, अशी ती रीत होती. एका कारकुनाची खूण दुसऱ्या कारकुनास त्याच अर्थाने वाचता आली पाहिजे, ही त्या रीतीची पूर्वअट होती. भाषाशास्त्राच्या परिभाषेत ती एक संकेतव्यवस्थाच होय.

आज त्याच भूमीचे नकाशे संगणकावर काढले जातात. माध्यम बदलले, परंतु संकेताचा प्रश्न नाहीसा झालेला नाही. संगणकीय आरेखनात ज्याला कचेरीच्या बोलीत लेयर म्हणतात तो थर आणि ज्याला टेम्प्लेट म्हणतात तो साचा, यांच्या बिघाडाची कारणे तपासली असता त्यांपैकी पुष्कळशी संकेताच्या संदिग्धतेत सापडतात. त्या कारणांची उकल करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१. थराचे स्वरूप

पूर्वी एकाच नकाशावर निरनिराळी माहिती दाखविण्यासाठी पारदर्शक ट्रेसिंग कापडाचे तुकडे एकावर एक ठेवीत. थराची कल्पना त्यावरून आली आहे. बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या गावाचा नकाशा घेतल्यास त्यात गावाची शीव, जुने सर्व्हे नंबर, एकत्रीकरणानंतरचे गट नंबर, नीरा डावा कालवा व त्याच्या चाऱ्या, पाणंद, गावठाण, आणि भीमेकाठच्या गावांत उजनी जलाशयाची बुडीत रेषा, एवढे थर सहज होतात.

मात्र कापडाची उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. संगणकातील थर हा मुळात कागद नसून वर्ग आहे. प्रत्येक रेषेस एका थराचे नाव जोडलेले असते आणि रंग, जाडी व रेषाप्रकार हे गुण ती रेषा त्या नावाकडून घेते. व्याकरणाच्या अभ्यासकास ही रचना अपरिचित वाटू नये. अष्टाध्यायीत आधीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीने येते, तसा थराचा गुण रेषेवर येतो. एखाद्या रेषेस स्वतंत्र रंग दिला की तो अपवाद होतो आणि उत्सर्गाचे तेथे काही चालत नाही. थराचा रंग बदलूनही काही रेषा बदलत नाहीत, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार असते. तिचे कारण हेच. उपायही त्यातूनच निघतो. त्या रेषांचा स्वतंत्र गुण काढून टाकावा आणि तो ‘थराप्रमाणे’ असा पुन्हा ठेवावा.

२. अदृश्यतेचे प्रकार

नकाशातील वस्तू दिसेनाशी होते तेव्हा ती पुसली गेली, असा समज प्रथम होतो. पण ऑटोकॅडसारख्या प्रणालीत थराच्या निरनिराळ्या अवस्था असतात. बंद केलेला थर दिसत नाही व छापलाही जात नाही. तथापि ‘सर्व निवडा’ अशी आज्ञा दिल्यास त्यावरील वस्तू निवडीत येतात आणि न दिसताच पुसल्या जाऊ शकतात. गोठवलेल्या थरावरील वस्तू अशा निवडीत येत नाहीत. कुलूप लावलेला थर दिसतो व छापला जातो, परंतु त्यावरील वस्तूंत फेरफार करता येत नाही. छपाईपुरता वगळलेला थर पडद्यावर दिसतो आणि कागदावर उतरत नाही.

शेवटच्या प्रकारात एक थर विशेष फसवा आहे. मापे लिहिताना प्रणाली ‘डेफपॉइंट्स’ नावाचा थर आपण होऊन निर्माण करते आणि तो छपाईतून वगळलेला असतो. त्यावर चुकून बांधाची रेषा काढली गेल्यास ती पडद्यावर नीट दिसते आणि छापील प्रतीत मात्र गहाळ होते. मोजणीच्या नकाशात एक बांध गहाळ होणे म्हणजे दोन खातेदारांची जमीन एक दिसणे होय.

शून्य नावाचा थर पुसता येत नाही की त्याचे नावही बदलता येत नाही. त्याचे कार्य सर्वनामासारखे आहे. विहिरीची खूण शून्य थरावर तयार करून ठोकळा म्हणून साठवली असता ती ज्या थरावर ठेवावी त्याचे गुण घेते. परंतु ती खूण मुळात दुसऱ्या एखाद्या थरावर काढलेली असल्यास तो थर तिला चिकटूनच राहतो. मग विहिरींचा थर बंद केला तरी विहिरी दिसत राहतात, आणि गोठवला की नाहीशा होतात. या विसंगतीचे मूळ ठोकळ्याच्या घडणीत शोधावे.

३. साचा आणि मापे

साचा म्हणजे थर, अक्षरशैली, मापाची एकके व चौकट आधीच ठरवून ठेवलेली कोरी फाईल. नवे आरेखन हे साच्याची प्रत असते. त्यामुळे साच्यात मागाहून दुरुस्ती केली तरी पूर्वी काढलेल्या आरेखनांत ती आपोआप उतरत नाही. साचा सुधारूनही जुनी चूक पुन्हा दिसते, याचे कारण एवढेच असते.

साच्यातील घातक चूक एककांची होय. साचा मिलिमीटरचा आणि आरेखक मीटर समजून आकडे भरीत आहे, असे झाले तर ते आरेखन मीटरच्या नकाशात आणताच प्रणाली घोषित एककावर विश्वास ठेवून त्यास हजारपटीने लहान करते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. या तालुक्यांच्या जुन्या नोंदींतून येणारी चूक सूक्ष्म असल्याने अधिक धोक्याची आहे. शंकुसाखळी ३३ फुटांची, म्हणजे १०.०५८४ मीटरची असून तिचे १६ आणे होतात. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावरील आर मात्र १०० चौरस मीटरचा आहे. बोलीत गुंठा आणि आर हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी योजले जातात. ४० गुंठ्यांचा एक एकर ४० आर म्हणून साच्यात उतरला, तर सुमारे ४७ चौरस मीटर जमीन, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा, कागदावर नाहीशी होते. येथे आरेखन प्रणाली निर्दोष असते. दोष दोन शब्दांच्या शिथिल समानार्थकतेचा आहे.

४. नावांची एकरूपता

दोन आरेखने एकत्र आणली असता समान नावाचे थर एकात मिसळतात आणि मूळ, म्हणजे यजमान आरेखनातील गुण कायम राहतात. नावे भिन्न असतील तर थर भिन्न राहतात. समानता ठरविताना संगणक अर्थाकडे पाहत नाही व उच्चाराकडेही पाहत नाही. तो केवळ संकेतांकांची मालिका ताडतो. म्हणून एकाने ‘पाणंद’ व दुसऱ्याने ‘पांदण’ लिहिल्यास एका वाटेचे दोन थर होतात.

याहून गूढ उदाहरण ‘चाऱ्या’ या शब्दाचे आहे. नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात चारी हा रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. त्याच्या अनेकवचनातील अर्धा रकार मराठीचा खास असून युनिकोडमध्ये तो एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त ही एक रीत. ‘र’, त्याखाली नुक्ता व हलन्त ही दुसरी. ‘र’, हलन्त व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह ही तिसरी. डोळ्यांना तिन्ही रूपे सारखीच दिसतात. थरांच्या यादीत ‘चाऱ्या’ हे नाव दोनदा आढळले आणि एक बंद करूनही निम्म्या चाऱ्या दिसत राहिल्या, तर हे कारण संभवते. अशा वेळी एका थरावरील सर्व वस्तू दुसऱ्यावर हलवाव्यात आणि रिकामा थर काढून टाकावा. ज्या थरावर वस्तू आहेत किंवा जो त्या क्षणी चालू आहे, तो थर काढता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

नकाशातील मराठी मजकुराचे बिघाड दोन जातींचे असतात. प्रश्नचिन्हे दिसल्यास अक्षरशैली जुन्या रेषात्मक टंकाची आहे व त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत, असे समजावे. अर्थहीन रोमन अक्षरे दिसल्यास मजकूर युनिकोडपूर्व टंकात लिहिलेला असून तो टंक त्या संगणकावर नाही. पहिल्या प्रकारात टंक बदलणे पुरेसे होते. दुसऱ्यात मजकुराचेच रूपांतर करावे लागते.

५. उपसंहार

वरील विवेचनावरून एक कार्यपद्धती सुचते. साच्यात थराचे नाव आखूड, ठरीव आणि केवळ अंकांचे असावे. त्याचा मराठी अर्थ थराच्या वर्णनाच्या रकान्यात लिहावा. युनिकोड टंकाची अक्षरशैली साच्यातच ठेवावी, आणि एकक चौकटीतही अक्षरांनी नमूद करावे. बिघाड आढळल्यास थराची अवस्था, रेषेचा स्वतंत्र गुण, ठोकळ्याची घडण, एकक आणि नाव या क्रमाने तपास करावा.

नावे ठरविण्यापूर्वी मात्र त्या त्या भागातील शब्दांचा संग्रह होणे आवश्यक आहे. पाणंद, चारी, पाट, बांध, शीव हे शब्द गावोगाव कोणत्या अर्थाने योजले जातात, याची नोंद नसताना केलेले प्रमाणीकरण नकाशात एक आणि शिवारात दुसरेच होऊन बसेल. इंदापूरच्या त्या रीतीत खुणांचा अर्थ आधी ठरलेला असे आणि मग शेताची प्रतवारी होई. संगणकीय आरेखनातही तोच क्रम पाळावयास हवा, आणि त्यातील पहिला भाग भाषेच्या अभ्यासकांकडे येतो.