एदलाबादची वाट रायसीनापर्यंत

१४ जून २००७ रोजी दिल्लीत संयुक्त पुरोगामी आघाडीने राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभा पाटील यांचे नाव जाहीर केले. त्याआधी चर्चा शिवराज पाटलांची होती, पण डाव्या पक्षांनी त्यांना नकार दिला. मग नाव पुढे आले ते राजस्थानच्या राज्यपालांचे. बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या, जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताईंचे. दिल्लीच्या वार्ताहरांना हे नाव अनपेक्षित वाटले. खान्देशात मात्र १९६२ पासून ते प्रत्येक मतपेटीला ठाऊक होते.

त्या वर्षी सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून त्या विधानसभेत गेल्या. १९६७ पासून एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर, हा त्यांचा मतदारसंघ झाला आणि तिथून त्या सलग चारदा निवडून आल्या. मंत्रिपदे मिळाली, खाती बदलत गेली. तरीही त्यांच्या राजकारणाचे खरे वजन सत्तेच्या वर्षांत शोधू नये. ते सापडते पराभवाच्या काळात.

१९७७ मध्ये इंदिरा गांधी सत्तेबाहेर गेल्या. त्यांच्या अटकेविरुद्ध निदर्शने केल्याबद्दल प्रतिभाताईंनी तुरुंगवास पत्करला. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आणले. अनेकांनी तेव्हा वाऱ्याची दिशा पाहिली, पण ताई इंदिरा गांधींसोबत राहिल्या आणि १९७९ मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. फेब्रुवारी १९८० मध्ये पुलोद सरकार बरखास्त झाले, काँग्रेस परतली आणि मुख्यमंत्री झाले अ. र. अंतुले. ज्यांनी पडत्या काळात सभागृहात पक्षाची बाजू लढवली, त्यांना डावलले गेले. तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. या निष्ठेला केवळ आज्ञाधारकपणा म्हणणे अन्यायाचे आहे. देण्यासारखे काही हाती नसलेल्या नेतृत्वामागे उभे राहायलाही कणा लागतो.

खान्देश हा एकाच पक्षाचा बालेकिल्ला कधीच नव्हता. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, हे सगळे सांगतात. पण १९५७ मध्ये जनसंघाचे देशभरातून अवघे चार खासदार लोकसभेत गेले, त्यातले एक, उत्तमराव पाटील, धुळ्याकडचे होते, हे फारसे कुणी सांगत नाही. दोन्ही प्रवाहांची मुळे इथल्या काळ्या मातीत जुनी आहेत, आणि २००७ मध्ये ती मुक्ताईनगरातच समोरासमोर आली. तोवर ताईंच्या जुन्या मतदारसंघाचे आमदार होते भाजपचे एकनाथ खडसे, १९९० पासून निवडून येणारे. त्यांचा पक्ष होता भैरोंसिंह शेखावत यांच्या बाजूने.

शेखावत तेव्हा उपराष्ट्रपती होते आणि अपक्ष म्हणून उभे होते. त्यांच्या समर्थकांनी अंतरात्म्याच्या आवाजाची हाक दिली. ही हाक मूळची इंदिरा गांधींच्या गोटातली. १९६९ मध्ये तिच्याच जोरावर व्ही. व्ही. गिरींनी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना हरवले होते आणि पुढे पक्ष दुभंगला. राष्ट्रपतिपदाच्या मतदानात पक्षादेश चालत नाही आणि मतदान गुप्त असते, म्हणून या हाकेला अर्थ उरतो. अमेरिकेत उलटे आहे. तिथल्या निर्वाचक मंडळातल्या सदस्याने आपल्या पक्षाच्याच उमेदवाराला मत द्यावे, अशी अपेक्षा असते. २०१६ मध्ये सात जणांनी ती मोडली. अशा सदस्यांना राज्ये शिक्षा करू शकतात, असा निकाल २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला.

आपल्याकडचे हे मोकळेपण २००७ मध्ये वापरले ते शिवसेनेने, तेही उघडपणे. राष्ट्रीय लोकशाही आघाडीत (रालोआत) असूनही बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला. भाजप नाराज झाला, युती मात्र टिकली.

प्रचाराची पातळी मात्र घसरली. रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये परवाना रद्द केलेली जळगावची प्रतिभा महिला सहकारी बँक राष्ट्रीय बातमी झाली. ठेवीदारांचे प्रश्न खरे होते आणि ते विचारायलाच हवे होते. पण विरोधकांना ठेवीदारांची आठवण त्या दोन महिन्यांपुरतीच झाली, आणि सत्ताधाऱ्यांनी ‘पहिली महिला राष्ट्रपती’ एवढेच उत्तर पुरेसे मानले. त्या पदावर बसणारी व्यक्ती पक्षापलीकडे कशी जाईल, हा मुख्य प्रश्न दोन्ही बाजूंनी टाळला. ही त्या निवडणुकीची मोठी उणीव आहे.

१९ जुलैला मतदान झाले. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मूल्याची मते मिळाली, शेखावतांना ३,३१,३०६. शेखावतांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला आणि २५ जुलैला ताईंनी शपथ घेतली. अमेरिकेत २०१६ आणि २०२४ मध्ये महिला उमेदवार हरल्या. तिथे सर्व कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे असते, त्यामुळे तुलना ताणता येणार नाही. तरी खान्देशातल्या मुलींसाठी त्या दिवसाचे मोल कमी होत नाही.

मुक्ताईनगरने राज्याला आणखी एक विरोधी पक्षनेता दिला: २००९ ते २०१४ खडसे. नाथाभाऊंनीही पक्ष वाढवला आणि त्यांनाही मुख्यमंत्रिपद मिळाले नाही. २०१६ मध्ये मंत्रिपद गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी भाजप सोडून राष्ट्रवादीची वाट धरली.

शिवसेनेने २०१२ मध्ये पुन्हा रालोआविरुद्ध जाऊन प्रणव मुखर्जींना मते दिली. २०२२ मध्ये पक्ष फुटला. जळगाव जिल्ह्यातले गुलाबराव पाटील, किशोर पाटील, चिमणराव पाटील आणि लता सोनवणे हे चारही सेना आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले, मुक्ताईनगरचे अपक्ष चंद्रकांत पाटीलही. त्यानंतर काही आठवड्यांतच, १८ जुलैला, राष्ट्रपतिपदाचे मतदान आले. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन्ही गटांनी पाठिंबा दिला तो द्रौपदी मुर्मू यांनाच. खडसेंच्या घरातून स्नुषा रक्षा खडसे भाजपच्या खासदार म्हणून मतदार होत्या. स्वतः नाथाभाऊ नुकतेच विधान परिषदेवर निवडून आले होते, आणि विधान परिषदेच्या सदस्यांना या निवडणुकीत मत नसते.