सप्पोरोच्या बर्फात चालायचं कसं



आपल्याकडच्या मुली आता शिकायला, कामाला जपानला जातात. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान या दोन सरकारांनी कुशल कामगारांसाठी करार केला. त्यात म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करण्याचं कामही आहे. मुलगी निघाली की आईचा जीव खालीवर होतो. तिथली थंडी हिला सोसेल का? रस्ता चुकली तर विचारणार कुणाला? बर्फावर पाय घसरला तर? म्हणून आज आम्ही तुम्हाला जपानच्या उत्तरेकडच्या सप्पोरो शहरात नेणार आहोत, तेही ऐन हिवाळ्यात. पहिल्यांदाच तिथे उतरलेल्या बाईला काय दिसतं, तिनं काय सांभाळायचं आणि एवढ्या बर्फात ते शहर चालतं कसं, ते बघू.

एवढा बर्फ येतो कुठून

सप्पोरो हे होक्काइदो बेटावरचं सगळ्यात मोठं शहर. वस्ती वीस लाखांच्या आसपास. जानेवारीत सरासरी तापमान शून्याच्या खाली तीन अंश असतं, रात्री उणे सहा-सात. एका हिवाळ्यात रोज पडलेल्या बर्फाची बेरीज केली तर ती सरासरी पावणेपाच मीटर होते, म्हणजे पंधरा फुटांच्या वर. हा सगळा बर्फ एकदम साठून राहत नाही. तो दबतो, थोडा वितळतो, बराच उचलून नेला जातो. तरी फेब्रुवारीत मोकळ्या जागेवर कमरेइतका थर असतो.

यामागचं कारण आपल्याला समजायला सोपं आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून ओलावा घेऊन आलेलं वारं सह्याद्रीला धडकतं आणि कोकणात, घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. तिकडे हिवाळ्यात सायबेरियातून कोरडं, गोठवणारं वारं सुटतं. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्याचं पाणी त्या वाऱ्यापेक्षा कोमट असतं. वारं त्याची वाफ उचलतं, होक्काइदोच्या डोंगरांना धडकतं, आणि ती वाफ बर्फ होऊन खाली येते.

रस्ता कसा सापडतो

टोकियोला विमान बदलून न्यू चितोसे विमानतळावर उतरायचं. रेल्वे स्टेशन विमानतळातच आहे, उघड्यावर यावं लागत नाही. जलद गाडी पाऊण तासाच्या आत सप्पोरो स्टेशनात पोचवते. एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवायची. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. बाहेरची कामं सकाळीच उरकलेली बरी.

नवख्या माणसाला या शहरात वाट सापडणं अवघड नाही. ही मूळची ऐनू लोकांची भूमी. सप्पोरो हे नावही ऐनू भाषेतूनच आलं. १८६९ पासून जपान सरकारनं इथे नवं शहर वसवायला घेतलं, तेव्हा रस्ते चौकटीत आखले. मधोमध ओदोरी नावाची सुमारे दीड किलोमीटर लांब बाग आहे. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून १८७१ मध्ये हा पट्टा मोकळा सोडला होता. या बागेच्या वरचा भाग उत्तर, खालचा दक्षिण. सोसेई नदीच्या अलीकडे-पलीकडे पूर्व आणि पश्चिम. त्यामुळे पत्ता ‘उत्तर ५, पश्चिम ४’ असा असतो. सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखंच हे. आकडे मोजत गेलं की जागा सापडते.

जमिनीखालून मेट्रो धावते. ती डिसेंबर १९७१ मध्ये सुरू झाली, कारण फेब्रुवारी १९७२ मध्ये तिथे हिवाळी ऑलिंपिक व्हायचं होतं. या गाड्यांना रबरी टायर आहेत. मार्ग तीन, त्यांचे रंग हिरवा, नारिंगी आणि निळा. प्रत्येक स्टेशनला एक इंग्रजी अक्षर आणि नंबर असतो. हिरव्या मार्गावर सप्पोरो स्टेशन एन ०६, ओदोरी एन ०७, सुसुकिनो एन ०८. जपानी वाचता आलं नाही तरी नंबर वाचता येतो. नंबर वाढायला हवा असताना उतरायला लागला, तर उलट्या गाडीत बसलो हे लगेच कळतं. दोन मार्गांवर सकाळच्या गर्दीत बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो. स्टेशनातली स्वच्छतागृहं स्वच्छ असतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. बाईमाणसाला प्रवासात ही केवढी मोठी सोय असते, ते तुम्हाला सांगायला नको.

बर्फ फारच असेल तर वर न येताही शहरात फिरता येतं. सप्पोरो स्टेशन ते ओदोरी असा भुयारी पायरस्ता मार्च २०११ मध्ये खुला झाला. तिथून पुढे दुकानांनी भरलेली भुयारी गल्ली आहे, ती सुसुकिनोपर्यंत जाते. वर बर्फाचं वादळ असलं तरी खाली लोक कोट हातावर टाकून, बाजारहाट करत निवांत चाललेले असतात.

काय बघायचं, काय खायचं

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ओदोरी बागेत बर्फाचा उत्सव भरतो. १९५० साली शाळकरी मुलांनी तिथे बर्फाच्या सहा मूर्ती केल्या, तिथून तो सुरू झाला. आज तिथे घराहून उंच देखावे उभे राहतात आणि बघायला लाखो माणसं येतात. बागेला तिकीट नाही.

हवेत गारठा असला की गरम काहीतरी लागतंच. रस्त्यावर जागोजागी पैसे टाकून पेयं घ्यायची यंत्रं असतात. लाल पट्टी म्हणजे गरम, निळी म्हणजे थंड. चहाचा गरम डबा आधी हातात धरायचा, मग प्यायचा. जेवणात मिसो रामेन म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या मसाल्यातल्या रश्श्यातल्या शेवया, आणि सूप करी म्हणजे भाज्यांचे मोठे तुकडे घातलेला मसालेदार पातळ रस्सा आणि भात, हे दोन्ही सप्पोरोचेच पदार्थ. मात्र शाकाहारी बाईनं विचारल्याशिवाय घेऊ नये. ताटात फक्त भाज्या दिसल्या तरी रस्सा बहुतेक वेळा मासे, कोंबडी किंवा डुकराच्या हाडांचा असतो.

अंगावर काय, घरात काय

एकच जाड कोट घालण्यापेक्षा एकावर एक पातळ गरम कपडे घालावेत. कारण बाहेर उणे पाच आणि दुकानात, गाडीत चांगलीच ऊब. आत गेलं की एकेक थर काढता आला पाहिजे. कानटोपी, हातमोजे आणि लोकरी पायमोजे हवेतच.

तिथे कायरो नावाची छोटी पुडी मिळते. तिच्यात लोखंडाची भुकटी असते. वरचं पाकीट फाडलं की भुकटीला हवा लागते, लोखंड गंजायला लागतं आणि गंजताना उष्णता निघते. आपला विळा गंजतो तेव्हाही हेच होतं, पण इतकं सावकाश की हाताला कळत नाही. ही पुडी कपड्यावरून लावायची. उघड्या कातडीला लावून झोपलं तर नकळत भाजतं.

घरांना दुहेरी काचा असतात. बऱ्याच घरांत आणि दुकानांत दाराच्या आत दुसरं दार असतं, म्हणजे येता-जाता ऊब बाहेर जात नाही. बरेच हीटर रॉकेलवर चालतात. त्यांचा धूर भिंतीतल्या नळकांड्यातून बाहेर जातो. ते तोंड बर्फानं बुजलं तर विषारी वायू घरात कोंडतो, म्हणून मोठा बर्फ पडला की आधी तिथला बर्फ काढायचा. कडाक्याच्या रात्री किंवा घर बंद करून जाताना पाइपातलं पाणी उतरवून ठेवायचं. गोठलेलं पाणी फुगतं आणि पाइप फोडतं. भाड्यानं खोली घेतलेल्या मुलीनं पहिल्याच दिवशी घरमालकाला विचारायचं, पाणी उतरवायची चावी कुठे आहे.

पाय घसरतो तो इथे

खरा धोका मोकळ्या भुसभुशीत बर्फाचा नसतो. बर्फ तुडवला जातो, दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि काचेसारखा होतो. चौकात, पांढऱ्या पट्ट्यांवर, दुकानांच्या दारात आणि बसथांब्यापाशी तो सगळ्यात जास्त गुळगुळीत असतो. दर हिवाळ्यात शेकडो माणसं अशी पडतात आणि त्यांना रुग्णवाहिकेतून न्यावं लागतं. तिथलीच, जन्मभर बर्फात राहिलेली माणसंही त्यात असतात.

रस्ते इतके गुळगुळीत होण्यामागे एक गोष्ट आहे. पूर्वी तिथे गाड्यांच्या टायरांना लोखंडी खिळे असत. ते बर्फ फोडत, पण खालचा डांबरी रस्ताही खरवडत. त्याची धूळ हवेत उडायची आणि लोकांच्या छातीत जायची. तक्रारी वाढल्या आणि १९९० मध्ये कायदा करून खिळ्यांच्या टायरांना आळा घातला. हवा स्वच्छ झाली. पण आता बिनखिळ्यांचे टायर बर्फ फोडेनात, उलट घासून घासून चकचकीत करू लागले. एक दुखणं गेलं आणि दुसरं आलं.

त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. चौकाचौकात एक पेटी ठेवलेली असते. तिच्यात बारीक फोडलेल्या खडीच्या छोट्या पिशव्या असतात. ज्याला रस्ता निसरडा वाटेल त्यानं एक पिशवी काढायची, फोडायची आणि पायाखाली पसरायची. कुणाची परवानगी लागत नाही. पाहुण्या बाईनंही हे करायला हरकत नाही. आपण पसरलेल्या खडीवरून आपल्यामागून येणारी दहा माणसं न पडता जातात.

आता चालायचं कसं? पावसात भातखाचराच्या बांधावरून जाताना आपण जसं चालतो, तसंच. पावलं लहान टाकायची. टाच आपटायची नाही, अख्खा तळवा एकदम टेकवायचा. अंग थोडं पुढे झुकलेलं ठेवायचं. हात खिशात घालायचे नाहीत, नाहीतर पडताना सावरता येत नाही. पिशवी हातात धरण्यापेक्षा पाठीवर घ्यावी. सिग्नल सुटत आला म्हणून पळायचं नाही. बुटांवर चढवायचे दातेरी पट्टे स्टेशनात आणि दुकानांत मिळतात, पण आत फरशीवर गेलं की ते काढायचे, कारण फरशीवर तेच घसरतात. आणि छपराच्या कडेखालून चालायचं नाही. वरून बर्फाचा ढीग किंवा भाल्यासारखा टोकदार बर्फ पडू शकतो.

बर्फ काढतं कोण

दहा सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडला की मध्यरात्रीनंतर नगरपालिकेची यंत्रं निघतात आणि लोक कामाला निघायच्या आत मोठे रस्ते मोकळे करतात. बर्फाच्या कामावर एका हिवाळ्यात २,००० कोटी येनच्या वर खर्च होतो. पण यंत्रं बर्फ फक्त दोन्ही कडांना सारतात. सकाळी उठून बघावं तर प्रत्येकाच्या दारापुढे बर्फाचा बांध घातलेला. तो ज्याचा त्यानं फावड्यानं काढायचा. काढलेला बर्फ परत रस्त्यावर टाकायला मनाई आहे.

आतल्या गल्ल्यांतून बर्फ ट्रकनं बाहेर न्यायचा तर त्यासाठी वेगळी योजना आहे. प्रत्येक वस्तीचं एक मंडळ असतं. मंडळ घरोघरून वर्गणी जमवतं, काही वाटा नगरपालिका घालते आणि मग ट्रक लागतात. शहराबाहेर टाकलेल्या त्या बर्फाचे डोंगर वसंत संपला तरी पुरते वितळलेले नसतात.

मग ज्या म्हातारीच्या हातून फावडं उचलत नाही, तिचं काय? तिच्या दारात तो बांध तसाच राहिला तर ती दवाखान्यात जाऊ शकत नाही, आणि तिच्याकडे कुणी येऊही शकत नाही. सप्पोरोत यासाठी शेजारधर्माला रीतसर बांधून घेतलं आहे. समाजकल्याण परिषदेकडे नाव नोंदवलं की त्याच वस्तीतला एखादा माणूस हिवाळाभर तिच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करून देतो. त्याला थोडं मानधन मिळतं, आणि ती ऐपतीप्रमाणे थोडे पैसे देते. सगळं अंगण साफ होत नाही. एक माणूस जाईल एवढी वाट होते. देखभाल करायला येणारी बाई, डॉक्टर, नातेवाईक, सगळे त्याच वाटेनं आत जातात. आणि त्या वाटेवर सकाळी ताज्या पावलांचे ठसे दिसले नाहीत, तर आतल्या माणसाची चौकशी करायला हवी हेही शेजाऱ्याला कळतं.

आपल्या गटातल्या कुणाची लेक तिकडे निघाली असेल, तर कपड्यांबरोबर तिला दोन गोष्टी सांगून ठेवा. पहिली, चालताना घाई करायची नाही. दुसरी, चौकातल्या पेटीतली एक पिशवी रोज पायाखाली पसरायची. परक्या गावात आपलीही थोडी खडी पडली, की ते गाव तेवढं कमी परकं वाटतं.