नळी घालतानाच काढायची सोय

बोअरमध्ये मोटर सोडताना महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणी-चिकोडी भागातला शेतकरी तिला नायलॉनची दोरी बांधायला विसरत नाही. उद्या पाइप तुटला किंवा मोटर जळली, तर वर ओढायला काहीतरी हातात हवं, एवढा साधा हिशोब. माणसाच्या शरीरात नळ्या बसवणाऱ्या विज्ञानाला मात्र हा हिशोब उमगायला बराच काळ लागला. आपल्यालाही तो चटकन सुचत नाही, कारण स्टेंट, म्हणजे शरीरात बसवलेली नळी, म्हटलं की आपल्याला हृदयातला स्टेंटच आठवतो. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने साध्या स्टेंटची किंमत 7,260 रुपये आणि औषधयुक्त स्टेंटची 29,600 रुपये अशी बांधून दिली, तेव्हापासून तर हा शब्द घराघरात पोचला. पण हृदयातला स्टेंट कायमचा मुक्कामी असतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढतं, आणि तसं ते चढावं अशीच अपेक्षा असते. मूत्रवाहिनी, पित्तनलिका, अन्ननलिका, श्वासनलिका इथले पुष्कळसे स्टेंट काम झालं की बाहेर यायला हवेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की अशा स्टेंटची परीक्षा तो किती सफाईने बसतो यावर करू नये, तो किती सुखरूप निघतो यावर करावी.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण मुतखड्याच्या ऑपरेशननंतर घालतात त्या डीजे (डबल-जे) स्टेंटचं. मोठ्या माणसासाठी साधारण 24 ते 26 सेंटिमीटर लांब, जेमतेम दोन मिलिमीटर जाड अशी ही लवचीक नळी. एक टोक मूत्रपिंडात, दुसरं मूत्राशयात, आणि दोन्ही टोकांना वेटोळं. 1967 मध्ये डॉ. झिम्सकिंड यांनी मूत्रवाहिनीत दुर्बिणीने सिलिकॉनची नळी ठेवून पाहिली, पण सरळ नळी जागेवर टिकेना, घसरायची. 1978 मध्ये डॉ. फिनी यांनी दोन्ही टोकं वळवून तो प्रश्न सोडवला. यातली हुशारी अशी, की जे वेटोळं नळीला अडकवून ठेवतं तेच ओढल्यावर सरळ होतं. मूत्राशयात दुर्बीण घालायची, खालचं टोक चिमट्यात धरायचं, हळूच ओढायचं. भूल देण्याच्या जेलीवर काही मिनिटांत काम होतं. पण हे सगळं नळी वेळेवर काढली तर. लघवीतले क्षार प्लास्टिकवर बसू लागतात. युरिया फोडणारे जिवाणू असतील तर लघवी अल्कधर्मी होते आणि थर आणखी झपाट्याने चढतो. 1991 मध्ये सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी काढलेल्या स्टेंटची तपासणी करून आकडे दिले: सहा आठवड्यांच्या आत काढलेल्यांपैकी 9.2 टक्क्यांवर खडा धरला होता, सहा ते बारा आठवड्यांत 47.5 टक्क्यांवर, आणि त्यानंतर 76.3 टक्क्यांवर. वरच्या वेटोळ्यावर खडा चढला की ते सरळ होईनासं होतं. अशा वेळी जोर लावला तर नळी तुटते किंवा मूत्रवाहिनीच फाटते. मग दोन मिनिटांच्या कामासाठी पाठीतून छिद्र पाडून खडा फोडायची वेळ येते.

दुसरं उदाहरण अन्ननलिकेचं. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ, आणि तंबाखूचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध सिद्ध झालेला आहे. घास उतरत नाही अशा रुग्णाला गिळता यावं म्हणून अन्ननलिकेत निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळी बसवतात. ती आत गेल्यावर आपोआप फुलते. इथे रचनाकारापुढे खरा पेच आहे. जाळी उघडी ठेवली तर तिच्या भोकांतून पेशी वाढतात, ती घट्ट बसते, पण मग निघत नाही. पूर्ण आवरण घातलं तर निघते, पण पोटाकडे घसरते. म्हणून काही स्टेंटच्या वरच्या कडेला बटव्याच्या नाडीसारखा दोरा ओवलेला असतो. तो ओढला की तोंड आवळतं, भिंतीपासून सुटतं आणि स्टेंट बाहेर येतो. रुतून बसलेल्या जाळीवरचा उपाय तर फारच नामी आहे: तिच्या आत तेवढ्याच जाडीचा पूर्ण आवरणाचा दुसरा स्टेंट फुलवायचा. त्याच्या दाबाने भोकांत शिरलेल्या पेशी मरतात, आणि साधारण दोन आठवड्यांनी दोन्ही स्टेंट निघतात. मेमोकॅथ नावाच्या मूत्रमार्गाच्या स्टेंटमध्ये धातूचा गुणधर्मच कामाला लावला आहे. गरम पाण्याने तो फुलतो, दहा अंशांखालच्या थंड पाण्याने मऊ पडतो आणि स्प्रिंग उलगडावी तसा ओढून काढता येतो. उलट, अशी सोय नसेल तर काय होतं, हे श्वासनलिकेने दाखवलं. कर्करोग नसलेल्या रुग्णांत धातूचे स्टेंट घालणं टाळा, ते काढताना गंभीर गुंतागुंत होते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2005 मध्ये दिला.

यावर कोणी म्हणेल, काढायची भानगडच कशाला, विरघळणाराच स्टेंट करा. कल्पना मोहक आहे आणि तिच्यावर काम चालू राहायला हवं. पण ॲबॉट कंपनीचा हृदयासाठीचा विरघळणारा स्टेंट अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झाला आणि 2017 मध्ये बाजारातून उठला; त्यात गुठळ्या होण्याचं प्रमाण धातूच्या स्टेंटपेक्षा जास्त निघालं होतं. मूत्रवाहिनीच्या विरघळणाऱ्या नळीच्या चाचणीतही काही रुग्णांत तुकडे मागे राहिले. अख्खी नळी धरून काढता येते, तुकडे शोधत बसावे लागतात. विरघळणं रसायनाच्या आणि शरीराच्या मर्जीवर, काढणं आपल्या हातात. आज तरी मला दुसऱ्याचाच भरवसा वाटतो. बाहेर दोरा ठेवलेली डीजे नळी किंवा चुंबक लावलेली नळी असे पर्याय आहेतच. दोऱ्याने नळी चुकून लवकर निघू शकते हे खरं. म्हणून तो थोडे दिवस नळी ठेवायची असेल तिथेच शोभतो.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: नळी विसरणं हा रुग्णाचा निष्काळजीपणा, त्यात रचनाकाराचा काय दोष? हे मला पटत नाही. डीजे नळी बऱ्याचदा दुखेनाशी होते, आणि न दुखणारी गोष्ट आठवणीवर सोडणं हीच रचनेतली उणीव आहे. सीमाभागात तर ती आणखी ठळक होते. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. ऑपरेशन मिरजेत, नंतरची तपासणी गावातल्या डॉक्टरकडे. आरोग्य योजना कधी कर्नाटकची, कधी महाराष्ट्राची. महाराष्ट्राने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. तिकडे ऑपरेशन झालं आणि नळी इकडे काढायची म्हटलं की कागद कोणाचे, हा प्रश्न उरतोच. ऊसतोडीला आलेला मजूर तर हंगाम संपला की आपल्या जिल्ह्यात परत जातो. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, रुग्ण मराठी किंवा कन्नड वाचणारा. म्हणून काढायची तारीख हा स्टेंटचाच भाग मानायला हवा: प्रत्येक दवाखान्यात नळ्यांची नोंदवही, ठरल्या दिवशी फोन, आणि रुग्णाच्या हाती मराठी व कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत तारीख लिहिलेलं वेगळं कार्ड. याला ना मिश्रधातू लागतो ना पेटंट.

तुमच्या घरात कोणाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं असेल, तर कार्डावर ‘डीजे स्टेंट’ असं लिहिलंय का ते आजच पाहा आणि तो काढल्याची नोंद आहे का तेही बघा. नोंद नसेल, तर काही दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जा. नळी आत आहे की नाही हे साध्या एक्स-रेत दिसतं.