पाटीवर ‘एमएस’ आहे, पण कोणतं? बीएएमएसनंतर सर्जन होण्याचं गणित समजून घ्या

परतूर : नीटचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘एमबीबीएस नाही लागलं, बीएएमएसला टाकलं.’ मग साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर दवाखाना टाकायचा की पीजी करायचं? ज्यांना ऑपरेशन थिएटर खुणावतं, त्यांच्यासाठी वाट एकच असते : एमएस, शल्यतंत्र.

इथेच पहिला गोंधळ होतो. ‘एमएस’ ही अक्षरं दोन वेगळ्या पदव्यांत येतात. एमबीबीएसनंतरचं एमएस (जनरल सर्जरी) नीट-पीजीतून मिळतं आणि ती परीक्षा बीएएमएसवाल्यांना देता येत नाही. त्यांच्यासाठी एमएस (आयुर्वेद) आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा, एआयएपीजीईटी. ही परीक्षा एनटीए घेते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. राज्याच्या कोट्यातले प्रवेश सीईटी सेल करतो, अखिल भारतीय कोट्यासाठी वेगळं समुपदेशन असतं.

जालन्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, पण त्या जागा एमबीबीएसच्या. शासकीय आयुर्वेद महाविद्यालय गाठायचं तर मराठवाड्यात नांदेड आहे, धाराशिव आहे. शासकीय जागा हुकली की खासगी महाविद्यालय, आणि तिथे गुणांपेक्षा घरचा हिशेब आधी मांडावा लागतो.

५८ शस्त्रक्रियांचा वाद काय?

नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने अधिसूचना काढली. शल्यतंत्राच्या ३९ आणि शालाक्यतंत्राच्या (डोळे, कान-नाक-घसा, दात) १९ अशा ५८ शस्त्रक्रियांची यादी दिली. पीजीच्या विद्यार्थ्यांना त्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यायचं, म्हणजे पदवीनंतर ते स्वतंत्रपणे करू शकतील, असं तिचं म्हणणं. यादीत मूळव्याध, भगंदर, हायड्रोसील, हर्नियाबरोबर अपेंडिक्स आणि पित्ताशयही होतं. दुसऱ्या बाजूला मोतीबिंदू आणि रूट कॅनॉल.

इंडियन मेडिकल असोसिएशनने याला ‘मिक्सोपॅथी’ म्हणत ११ डिसेंबर २०२० रोजी देशभर काम बंद ठेवलं आणि सर्वोच्च न्यायालयातही आव्हान दिलं. आयुष मंत्रालयाचा खुलासा असा, की हे धोरण नवं नाही, आधीपासून चालत आलेलं फक्त स्पष्ट केलंय आणि ते सगळ्या बीएएमएसना नाही, या दोन विषयांच्या पीजींनाच लागू आहे.

भांडण ‘हक्क कुणाचा’ यावर अडकलं. विद्यार्थ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न मात्र वेगळा आहे : तीन वर्षांत टेबलावर किती केसेस हाताखालून जातात? यादीत नाव आलं म्हणून पित्ताशय काढता येत नाही. ज्या रुग्णालयात तसे रुग्णच येत नाहीत, तिथला विद्यार्थी ते फक्त पुस्तकात बघतो.

एका बाबतीत आयुर्वेदाचं पारडं खरंच जड आहे, क्षारसूत्र. भगंदरावर औषधी लेप दिलेला दोरा बांधून मार्ग हळूहळू कापत नेण्याची ही पद्धत. आयसीएमआरने अनेक केंद्रांत तिची शस्त्रक्रियेशी तुलना केली, निष्कर्ष १९९१ मध्ये आले. बरं व्हायला क्षारसूत्राने जास्त वेळ लागला, साधारण आठ आठवडे विरुद्ध चार. पण आजार पुन्हा होण्याचं प्रमाण ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. ५८ च्या यादीपेक्षा या एका चाचणीचं वजन मला जास्त वाटतं, कारण इथे कुणी जुन्या ग्रंथाचा दाखला देऊन थांबलं नाही, मोजून पाहिलं.

अमेरिकेत काय केलं?

तिकडेही डॉक्टरांच्या दोन पदव्या आहेत, एमडी आणि डीओ. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक परंपरेचे डॉक्टर. पहिलं महाविद्यालय १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल इथे निघालं. आज डीओंना सर्व राज्यांत औषधं आणि शस्त्रक्रियेचा पूर्ण परवाना मिळतो. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सी एकाच मान्यता-व्यवस्थेखाली आल्या. तरी न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरीसारख्या मोजक्या जागांसाठी डीओंना जास्त झगडावं लागतं. पूर्वी यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्यात तगडा स्कोअर आणून ते स्वतःला सिद्ध करायचे. जानेवारी २०२२ पासून तिथे फक्त पास-नापास आहे. त्यामुळे भार दुसऱ्या टप्प्याचे गुण, संशोधन आणि बाहेरच्या रुग्णालयात केलेल्या कामावर गेला.

ही तुलना ओढूनताणून करू नये. डीओंचा अभ्यासक्रम आधुनिक वैद्यकाचाच आहे, बीएएमएसचा तसा नाही. पण एक फरक नजरेत भरतो : तिथे दोघे एकाच रेसिडेन्सीत, एकाच मापाने शिकतात. आपल्याकडे वाटाच वेगळ्या, आणि बरोबरीचा प्रश्न शेवटी कोर्टात जातो. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या वेतनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आयुर्वेद डॉक्टरांचं काम महत्त्वाचं आहे, पण ते एमबीबीएस डॉक्टरांच्या कामाशी समान नसल्याने समान वेतनाचा दावा करता येणार नाही.

पसंतीक्रम भरण्याआधी

महाविद्यालयाच्या ओटीचं रजिस्टर बघायला मागा. महिन्याला मोठी ऑपरेशनं किती, त्यात विद्यार्थ्याने स्वतः किती केली, भूलतज्ज्ञ रोज असतात की बोलावल्यावर येतात, हे सीनियरांना फोन करून विचारा. ते खरं सांगतात.

आणि रुग्ण म्हणून जात असाल तर पाटीवरची पदवी पूर्ण वाचा, कंसातला शब्दसुद्धा. नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेची आहे की महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषदेची, भूल कोण देणार आणि अशी ऑपरेशनं आधी किती केलीत, हे विचारायला संकोच नको.