घराचे खरेदीपत्र आणि गावचा वकील

आपला धंदा शब्दावर चालतो. रविवार पेठेत सकाळी ठरलेला शंभर पोत्यांचा सौदा संध्याकाळपर्यंत कोणी कागदावर उतरवीत नाही, तरी माल येतो आणि पट्टीही चुकती होते. या सवयीचा आपणांस अभिमान आहे व तो योग्यही आहे. परंतु हीच सवय घेऊन आपले काही बंधू घर विकत घेण्यास निघतात, तेव्हा मात्र मनात चिंता उत्पन्न होते. ज्वारीचा एक सौदा फसला तर पुढच्या हंगामात भरून निघतो. घराचा सौदा फसला तर आयुष्याची पुंजी अडकते आणि पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते. म्हणून घर घेताना किंवा विकताना वकील कसा निवडावा, याविषयी या अंकात चार शब्द लिहावेत असे वाटले. मी कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक धान्यव्यापारी आहे. परंतु गेल्या चाळीस वर्षांत स्वतःच्या, भावंडांच्या व स्नेह्यांच्या बऱ्याच दस्तांना साक्षीदार म्हणून उभा राहिलो आहे. त्यातून जे दिसले ते सांगतो.

आपल्याकडे इंग्लंडप्रमाणे घरांच्या खरेदी-विक्रीचेच काम करणारा सॉलिसिटर असा निराळा वर्ग नाही. मुंबईत तो शब्द जुन्या हायकोर्टाच्या परंपरेने टिकून आहे, बेळगावात मात्र सर्व वकीलच. कोणी दिवाणी दावे चालवितो, कोणी फौजदारी, कोणी कामगारांचे खटले. दस्ताचे काम मुरलेला वकील यांतूनच शोधून काढावा लागतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलास स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे पाटी पाहून काही कळत नाही. दुसरीकडे सब-रजिस्ट्रार कचेरीच्या आवारात बसणारे बाँड रायटर आहेत. त्यांचा मजकूर बहुधा बिनचूक असतो, स्टँपचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. परंतु विकणाऱ्यास विकण्याचा हक्क आहे किंवा नाही हे पाहणे त्यांचे काम नव्हे. सब-रजिस्ट्रारचेही ते काम नव्हे. नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकी कबूल केली, अशी जी समजूत आपल्या लोकांत आहे ती सर्वस्वी चुकीची आहे. महापालिकेच्या अथवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव लागले तरी तो कर व नोंदीपुरता पुरावा. मालकी त्याने सिद्ध होत नाही.

आता मुख्य प्रश्न असा की, वकील गावचाच का असावा? आज पुण्याचा किंवा बेंगळूरचा नामांकित वकील संगणकावर सर्व कागद पाहू शकतो, मग येथल्या गल्लीतल्या वकिलाचे काय विशेष? याचे उत्तर आपल्या बेळगावच्या इतिहासात आहे.

शहापूर आज शहराचाच एक भाग आहे. परंतु 1948 पर्यंत ते सांगली संस्थानात होते. त्यामुळे शहापुरातल्या एखाद्या जुन्या वाड्याचे मूळ कागद संस्थानी अमलातील असतात आणि अर्ध्या मैलावरील बेळगाव पेठेतल्या घराचे कागद इंग्रजी मुलखातील. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. त्यापूर्वीचे दस्त मराठीत, आणि बरेचसे मोडी लिपीत आहेत. आजचे खरेदीपत्र बहुधा कानडीत होते. म्हणजे एकाच घराची कागदांची साखळी पाहावयाची तर मोडी, बालबोध मराठी, इंग्रजी व कानडी इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात. परगावचा वकील कितीही विद्वान असला तरी मोडी गहाणखत हाती येताच ते बाजूस ठेवतो आणि अलीकडच्या तीस वर्षांचे कागद पाहून अभिप्राय देतो. पुष्कळदा तेवढे पुरतेही. परंतु त्या बाजूस ठेवलेल्या कागदात बोळातून जाण्यायेण्याचा शेजाऱ्याचा हक्क, सामायिक भिंत, परसातील विहिरीचा अर्धा वाटा अशा गोष्टी लिहिलेल्या असतात. आपल्या गल्ल्यांतील अरुंद व लांबट घरांत निम्मी भांडणे याच गोष्टींवरून होतात. गावच्या वकिलाजवळ मोडी वाचणारा एखादा वृद्ध गृहस्थ ठरलेला असतो. नसेल तर निदान तो कोठे राहतो हे त्यास ठाऊक असते.

कॅम्प भागाची गोष्ट याहून निराळी. तेथील कित्येक जुने बंगले ओल्ड ग्रँटचे आहेत. म्हणजे जमीन सरकारची आणि इमारत तेवढी धारकाची. तेथे सिटी सर्व्हेचा उतारा मागून उपयोग नाही, लष्करी जमिनींचे रजिस्टर वेगळे आणि हस्तांतरास लागणारी परवानगीही वेगळी. अनगोळ, वडगावकडे जावे तर मूळ शेतजमीन. ती रीतसर बिनशेती झाली की नाही, पूर्वी कुळाची किंवा वतनाची होती काय, हे पाहावे लागते. एका शहरात ही चार प्रकारची घरे आहेत. कोणत्या गल्लीत कोणता प्रश्न विचारावा हे येथे वाढलेल्या माणसास चटकन सुचते.

याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आमच्या एका किराणा व्यापारी स्नेह्याने शहापुरातील एक घर पसंत केले. विकणारे दोघे भाऊ. वडील वारलेले, वारसा लागलेला, उताऱ्यावर दोघांचीच नावे. बोजाचा दाखला स्वच्छ. परगावच्या वकिलाने कागद पाहून हरकत नाही असे कळविले होते आणि संचकारपत्राचा दिवसही ठरला होता. केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या आग्रहास्तव स्नेही ती फाईल घेऊन येथील एका वृद्ध वकिलांकडे गेले. मी बरोबर होतो. वकीलसाहेबांनी कागद चाळले, चष्मा काढला आणि विचारले, "अहो, पण यांची थोरली बहीण कोल्हापूरकडे दिली होती ना? तिची सही कोठे आहे?"

ती बाई कागदावर कोठेच नव्हती. कोणी लबाडी केली होती असेही म्हणवत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव वारशाला लावावयाचे असते हेच त्या घरात कोणाच्या मनात आले नव्हते. आपल्या समाजात हे घरोघरी घडते, म्हणून कायदा नीट समजून घ्यावा. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपणां जैनांसही लागू आहे. त्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत कर्नाटकाने 1994 साली काही मुलींना हक्क दिला, आणि 9 सप्टेंबर 2005 पासून सर्व देशात मुलगी मुलाप्रमाणे जन्मतः सहभागीदार झाली. 2005 साली पिता हयात नसला तरी तिचा हक्क बुडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी दिला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल तर ती वाटणी मात्र मोडत नाही.

पुढे काय झाले ते सांगतो. स्नेह्यांनी संचकार दिला नाही. भाऊ रागावले, आमच्या घरातील गोष्टीत परक्यांनी पडू नये असे बोलले. चार महिने गेले. शेवटी बहीण आली, आपला वाटा रोख न घेता बँकेतून घेतला, आणि तिघांच्या सहीने खरेदीपत्र झाले. ती दोन भावंडे आजही माझ्या स्नेह्यांशी फारशी बोलत नाहीत. परंतु घरावर दावा नाही, आणि त्या बाईच्या पदरात तिचे जे होते ते पडले. त्यांत अधिक महत्त्वाचे कोणते, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

बोजाच्या दाखल्याविषयी येथेच सांगावयास हवे, कारण लोक त्यावर फार विसंबतात. त्यात केवळ नोंदलेले व्यवहार दिसतात. तोंडी वाटणी, नोंद नसलेला करार, चालू दिवाणी दावा, घरात बसलेला जुना भाडेकरू यांपैकी काहीही त्यात येत नाही. अलीकडच्या वर्षांच्या नोंदी संगणकावर मिळतात, त्यापूर्वीच्या सूचीवह्या कचेरीत जाऊन पाहाव्या लागतात. चांगला वकील आपला कारकून तेथे धाडतो, कोर्टात नावावर दावा आहे काय याची चौकशी करतो, आणि मुख्य म्हणजे जागेवर माणूस पाठवितो. जुन्या दस्तातील चतुःसीमेत ज्या शेजाऱ्यांची नावे असतात ते दोन पिढ्यांपूर्वीच वारलेले. आज तेथे कोण राहते हे चालत जाऊनच कळते. पोते फोडून हातावर दाणे घेतल्याशिवाय आपण माल उचलीत नाही, मग घर केवळ कागदावरून का घ्यावे?

आता दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. गावचा वकील सर्वांना ओळखतो, हेच कधी कधी त्याचे वैगुण्य ठरते. तो विकणाऱ्याचा बालमित्र असतो, किंवा घराचा दलाल त्याच्याकडे वर्षास दहा पक्षकार आणून देत असतो. अशा वकिलाचे तोंड योग्य वेळी उघडत नाही. म्हणून दलालाने सुचविलेला वकील सहसा घेऊ नये, आणि फी वाचविण्यासाठी दोन्ही पक्षांनी मिळून एकच वकील करू नये. बँकेचे कर्ज घेतले म्हणजे बँकेचा वकील कागद पाहतोच, मग आपला कशाला, असेही विचारले जाते. बँकेचा वकील बँकेची रक्कम सुरक्षित आहे काय एवढे पाहतो. विहिरीचा अर्धा वाटा व बोळाची वाट यांशी बँकेस कर्तव्य नाही.

वकिलाकडे प्रथम जाल तेव्हा संकोच न धरता विचारावे: आपण दस्ताचे काम नित्य करता काय, किती वर्षांचा शोध घ्याल, अभिप्राय लेखी व सहीनिशी द्याल काय, फी किती आणि त्यात कोणता खर्च धरलेला नाही. लेखी अभिप्राय देण्यास जो टाळाटाळ करतो त्याचा नमस्कार घेऊन बाहेर पडावे. तोंडी "काही काळजी करू नका" म्हणणारे वकील मी पुष्कळ पाहिले आहेत. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावयाची तर मराठी व कानडी दोन्ही दैनिकांत द्यावी, हेही गावच्या वकिलास सांगावे लागत नाही.

केवळ करार व मुखत्यारपत्र यांवर घर देतो असे कोणी म्हटले तर तेथेच थांबावे. शंभर रुपये वा अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीपत्रानेच हस्तांतरित होते, हे 1882 च्या कायद्यात आहे, आणि मुखत्यारपत्राच्या विक्रीने मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली पुन्हा स्पष्ट केले आहे. अज्ञान मुलाच्या नावावरील घर पालकास कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याची गोष्ट निराळी, ती वकिलासच विचारावी.

विकणाऱ्यासही वकील हवाच. मालकीतील जो दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे व घेणाऱ्यास सहज दिसणारा नाही, तो सांगणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. पैशाच्या बाबतीत, वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोख घेता येत नाही, आणि किंमत पन्नास लाख वा अधिक असल्यास घेणाराने शेकडा एक प्राप्तिकर कापून भरावयाचा असतो. "थोडे रोखीत, थोडे चेकने" ही आपल्या बाजारातील जुनी भाषा घराच्या व्यवहारात आणू नये. उद्या हेच घर विकावयाचे झाले म्हणजे कागदावरील कमी किंमत आपल्याच करात उलटते.

खरेदीपत्र कानडीत असेल तर सहीपूर्वी ते घरातील सर्वांसमक्ष मराठीत वाचून घ्यावे, विशेषतः ज्या स्त्रियांच्या नावे घर होत आहे त्यांच्यासमोर. त्यांना केवळ अंगठा व फोटोपुरते कचेरीत नेण्याची रीत आता सोडावी. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस दाखल करावा लागतो, तो त्याच दिवशी करणे बरे. त्यानंतर महापालिकेचा खाता, सिटी सर्व्हेची नोंद व विजेचे मीटर या तीन ठिकाणी नाव लावून घ्यावे. आणि वकिलाकडील मूळ कागद, त्यात ते मोडी दस्तही, यादी करून परत घ्यावेत व यादीवर त्यांची सही घ्यावी.